रोजची टोचणी

दुसऱ्याला टोचून बोलण्यात आपण मराठी माणसे कोणाला हार जाणार नाही. पण स्वतःलाच टोचून घ्यायची वेळ आली म्हणजे भल्याभल्यांचा हात कापू लागतो. तीच सुई डॉक्टरांच्या हातात असली की आपण मुकाट्याने दंड पुढे करतो. तेव्हा भीती सुईची नसतेच. ती असते आपल्याच हाताची.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेली चार वर्षे सकाळ-संध्याकाळ, जेवणाच्या आधी, मी इन्सुलिनचे इंजेक्शन स्वतःच्या हाताने घेते आहे. आम्ही राहतो बोईसरला आणि माझी शाळा पालघरला. यजमान तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. पहिली पाळी असली की सातच्या आत घराबाहेर. कोपऱ्यावरचा दवाखाना उघडतो दहाला, आणि तोवर उमरोळी मागे टाकून माझी गाडी पालघरला पोचते व शाळेची प्रार्थनाही होऊन जाते. मुलांना स्वावलंबनाचा धडा शिकवणाऱ्या बाईंना तो असा स्वतः गिरवावा लागला.

डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितले त्या दिवशी सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “सुई लागली म्हणजे शेवटची पायरी गं!” असे पुष्कळांना वाटते. मी त्यांना लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगितली. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातल्या टोरंटो शहरात त्याला हे औषध टोचले. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे, एवढाच उपाय डॉक्टरांपाशी होता. पहिले औषध पुरेसे शुद्ध नव्हते, त्याने फारसा गुण आला नाही. बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेले टोचले, आणि मुलाची साखर उतरली. तो पुढे तेरा वर्षे जगला. शोध लावणाऱ्यांनी आपला हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकला. सासूबाईंनी सारे ऐकले आणि म्हणाल्या, “म्हणजे त्या लेकराची ती पहिली पायरी होती म्हणायची!” मला एवढेच म्हणायचे होते.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. पण या कामाला लागते ती विद्या स्वयंपाकघरातलीच आहे: स्वच्छ हात, नेमके माप आणि न चुकणारा क्रम. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी समोर बसवून शिकवले आणि माझ्या हातून दोनदा करून घेतले, तेव्हाच सुई घरी आली. कोणी पाहून-ऐकून सुरुवात करू नये.

मापाचे तर त्रैराशिकच आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या पुष्कळ बाटल्या ४० च्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधले औषध १०० चे असते. सिरिंजही दोन जातींच्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. १०० चे औषध ४० च्या सिरिंजने तेवढ्याच रेघेपर्यंत ओढले, तर अंगात अडीच पट औषध जाते आणि जिवावर बेतते. म्हणून दुकानातच बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मी जुळवून बघते. दुकानदार हसतो, हसू दे.

मग हात साबणाने धुवायचे. माझे औषध दुधाळ आहे. बाटली हलवून फेस काढायचा नाही, लाडू वळावा तशी दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवायची. जेवढे औषध हवे तेवढी हवा आधी बाटलीत सोडायची, मग औषध ओढायचे, बुडबुडे टिचकीने वर घालवायचे. बेंबीपासून दोन बोटे दूर, नाहीतर मांडीवर, कातडी चिमटीत धरायची. सुई आत, दट्ट्या सावकाश, मनात दहापर्यंत अंक, सुई सरळ बाहेर. चोळायचे नाही. रोज एकाच जागी टोचले तर तिथे गाठ येते आणि औषध नीट लागू पडत नाही. म्हणून मुलांना बाकावर आळीपाळीने बसवते तशी मी जागाही बदलते. सुई दर वेळी नवी, आणि एकाची सुई दुसऱ्याला कधीही नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही.

तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र उभे राहिले. तरी आमच्या आळीतले दिवे पावसाळ्यात जातातच. एरवी बाटल्या फ्रिजच्या दारात असतात. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, कारण गोठलेले इन्सुलिन फुकट जाते. फ्रिज नसलेल्या घरी बाटली पिशवीत घालून सावलीतल्या ओल्या मडक्यात ठेवतात, तेही चालते.

हे सारे मी स्वयंपाकघरात, उजेडात, सगळ्यांदेखत करते. त्याचे महत्त्व मला एका विद्यार्थिनीने पटवले. तिच्या आईच्या संमतीने, नाव न घालता, ती हकीकत सांगते.

सातवीतली मुलगी. कवायतीच्या तासाला एकाएकी घामाने डबडबली, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. ही खूण मला घरची. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांत पोर हसू लागली. शुद्ध हरपली असती तर तोंडात काहीही न घालता तडक इस्पितळ गाठावे लागले असते.

संध्याकाळी आई आली. दार लावून घेतले आणि कुजबुजली, “बाई, लहानपणापासून आहे तिला. पण कुणाला बोलू नका हो. मुलीची जात, उद्या लग्न व्हायचंय.” मग कळले की घरी इंजेक्शन दाराआड, काळोखात, घाईघाईने होते. सुया दुकानात वारंवार मागायची लाज, म्हणून एकच सुई बोथट होईपर्यंत चालते. शेवटी ती कागदात गुंडाळून कचऱ्यात जाते, आणि टोचते ते घंटागाडीवरच्या कामगाराच्या हाताला. सुईने जे केले नसते ते लपवाछपवीने केले होते.

मी माझी पर्स उघडून माझी सिरिंज तिच्यापुढे ठेवली. बाई बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांशी बोलून शिक्षकांच्या खोलीतला एक कप्पा मुलीला मिळाला: साखर मोजायचे यंत्र, नव्या सुया, साखरेची पुडी आणि वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली. भरली की ती दवाखान्यात जाते. घरी माझीही तशीच बाटली आहे.

आता दिवाळीचे दोन शब्द. नरकचतुर्दशीला आधी अभ्यंगस्नान, मग सुई, मग फराळ. टोचलेल्या जागी तेल रगडले किंवा कढत पाणी घेतले तर औषध भराभर अंगात उतरते. फराळासाठी मात्रा आपल्या मनाने वाढवू नये, डॉक्टरांना आधी विचारावे. आणि कुणाची साखर उतरली तर प्रेमाने लाडू भरवू नका. तुपामुळे त्यातली साखर उशिरा चढते. साधी साखर द्या.

इन्सुलिन शोधणाऱ्या डॉक्टर बँटिंगांचा जन्म १४ नोव्हेंबरचा, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आणि आपल्याकडे तोच बालदिन. सुट्टी लागण्यापूर्वी मी त्या मुलीला म्हटले, “शाळा उघडली की वर्गाला सांगशील, तू काय करतेस ते?” तिने क्षणभर विचार केला. “सांगीन,” ती म्हणाली, “पण आधी तुम्ही सांगा, बाई. सगळ्यांना.”

म्हणून हे लिहिले.