पाहुण्यांनी दमलेलं घर

काही घरांत पाऊल टाकताच कळतं, की इथं काहीतरी बिनसलंय. चहा येतो, ‘बसा’ही म्हणतात, पण घराचा सूर वेगळाच लागतो. एका अख्ख्या खंडाविषयी असं वाटेल, हे मात्र मला खरं वाटलं नसतं.

आम्ही दोघं १९९९ साली प्रथम युरोपला गेलो. पर्समध्ये फ्रँक, मार्क, लिरा, शिलिंग अशा चार पुड्या. कुठली नोट कुठं चालते, यातच माझा निम्मा जीव! पण साल्झबर्गहून म्यूनिकला जाताना हे म्हणाले, “अगं, सरहद्द गेलीसुद्धा!” कुणी काही विचारलं नाही. बर्लिनची भिंत पडून दहाच वर्षं झाली होती. सगळीकडे कसं मोकळं वाटायचं.

मे २०२४ मध्ये लेकीबरोबर पुन्हा गेले. आता युरोची एकच पुडी पुरते. पण त्याच गाडीत फ्रायलासिंगला पोलीस चढले. २०१५ साली निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हापासून ही तपासणी. आमचे पासपोर्ट सभ्यपणे परत मिळाले. समोरच्या मुलाचा मात्र बराच वेळ उलटसुलट पाहिला. डब्यात कुणी बोलेना. पॅरिसला पूर्वी आयफेल टॉवरखालून सहज चालत गेलो होतो. तिथं २०१८ पासून काचेची भिंत आहे.

व्हेनिसला तर शनिवारी दिवसभरासाठी शिरायचे पाच युरो! लेक चिडली, “आई, गावात यायला तिकीट?” मलाही ते लागलंच. पुढं एका पुलावर आम्ही सगळे फोटोसाठी दाटी करून उभे, आणि पायऱ्यांशी भाजीची पिशवी घेऊन एक आजी खोळंबलेली. कुणी हलेना. मी लेकीला बाजूला ओढलं. आजी माझ्याकडे न बघताच गेली. रागावली नव्हती हो, दमली होती.

१९५१ साली त्या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत. आता पन्नास हजारही नाहीत. कितीतरी घरं प्रवाशांना भाड्यानं दिलेली. बारा महिने पाहुणे असले, तर आपलं तरी तोंड हसरं राहील का?

मैत्रिणींनो, जरूर जा. पण शनिवार-रविवार टाळा, जमलं तर एक रात्र मुक्काम करा, आणि फोटो काढताना एकदा मागं वळून बघा.