असईची सेना, तीर्थपुरीची माडी

कापसाची आवक सुरू होण्यापूर्वीचे दोन महिने तीर्थपुरीच्या बाजारपेठेत मंदीचे असतात. मुख्य रस्त्यावरील एका अडत दुकानाच्या माडीवर यंदा याच दिवसांत ३८२ शिपाई उतरले. उंची अडीच-तीन सेंटिमीटर, रंग राखाडी, खांद्यावर बंदुका. पुण्यात शिकून घरच्या व्यापारात नुकत्याच लागलेल्या नातवाने ते थ्रीडी प्रिंटरवर छापून आणले होते. २३ सप्टेंबरला पुण्याच्या मित्रांसोबत असईची लढाई मोठ्या मेजावर मांडायची, असे ठरले होते. घोडदळ व तोफा मित्रांकडे, पायदळ त्याच्याकडे. रंगवलेले पायदळ वेळेवर पोहोचले नाही, तर मेज मांडून उपयोग नव्हता.

असई जालना जिल्ह्यातच आहे. तीर्थपुरी जिल्ह्याच्या दक्षिणेस, असई उत्तरेस, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा तो हाच. केळणेला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले होते. परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहून, मध्ये ये-जा असणारच, असा तर्क त्याने केला आणि फौज पलीकडे नेली. त्याचे सुमारे ४,५०० सैनिक रणात उतरले. समोर पोलमन या हॅनोव्हेरियन सरदाराच्या हुकुमतीखाली सुमारे १०,८०० कवायती पायदळ होते. चाळीस माणसांमागे एक शिपाई, या प्रमाणाने हिशेब ११२ आणि २७० असा झाला.

बाहुल्यांना कोणाची हरकत नव्हती, आजीची होती. भाजी 'चिरली' न म्हणता 'सुधारली' म्हणणाऱ्या पिढीतील ती स्त्री. तिने यशोधर राजाची कथा काढली. राजाने आईच्या आग्रहाखातर खरा कोंबडा न मारता पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी त्या मायलेकांना कित्येक जन्म भोग भोगावे लागले. "पीठ होतं रे ते, पण हात उगारताना मनात काय होतं?" नातवापाशी उत्तर नव्हते. त्याने इतकेच सांगितले की १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यांतील शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले आणि खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध शतपटीने बरे, असा त्याचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले, हेही त्याने लपवले नाही.

आजीने मनाई केली नाही. तीन अटी घातल्या. ब्रश प्राण्याच्या केसांचा नको. पर्युषणाचे दहा दिवस पेटी उघडायची नाही. आणि खेळात शिपाई 'मेला' म्हणायचे नाही, 'उचलला' म्हणायचे.

पहिली अट सोपी नव्हती. बारीक कामासाठी नावाजलेले ब्रश मुंगसाच्या, खारीच्या किंवा 'सेबल' नावाने विकल्या जाणाऱ्या केसांचे असतात. मुंगसाच्या केसांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तरी तो चोरून चालतो. नातवाने नायलॉनचे ब्रश घेतले. त्यांची टोके लवकर वाकतात, म्हणून डझनभर घेतले. शेवटचा हात लाखेच्या व्हार्निशाऐवजी ॲक्रिलिकचा ठरला.

दुसरी अट महागात पडली. दहा दिवस गेले की दुकान सांभाळून रोज जेमतेम दोन तास हाती उरत होते. एकेक शिपाई सावकाश रंगवायचा तर तासभर लागे. म्हणजे ३८२ तास. त्याने दुकानातली रीत उचलली. पोती एकेक करून कोणी वजन करून, शिवून, रचत नाही. आधी सगळी वजने, मग सगळी शिलाई, मग थप्पी. त्याने आइसक्रीमच्या काड्यांवर दहा-दहा शिपाई चिकटवले. पावसाळी दमट हवेत प्रायमरचा फवारा भुकटीसारखा बसतो, म्हणून प्रायमर ब्रशानेच दिला. मग एक रंग उघडायचा, तो सगळ्या रांगांना लावायचा आणि झाकण बंद. शेवटी पातळ तपकिरी रंगाचा वॉश: तो खाचांत उतरतो, घड्यांची सावली आपोआप पडते आणि हाताची घाई झाकली जाते. शिपायामागे आठ मिनिटे, एकूण साधारण ५१ तास.

या घाईनेच त्याला एक गोष्ट दाखवली. कंपनीच्या पायदळात दोन स्कॉटिश पलटणी सोडल्यास बाकी मद्रासी शिपाई होते. समोरच्या कवायती पलटणींतही हिंदी माणसेच. डगल्यांचे रंग वेगळे, पण बहुतेक साऱ्या चेहऱ्यांना आणि हातांना लागलेला गव्हाळ रंग एकाच बाटलीतला होता.

क्षमावणी झाली, पेटी पुन्हा उघडली आणि आठवडाभरात सेना उभी राहिली. आजी चष्मा लावून जवळ आली. तिने एक तांबडा शिपाई उचलला, मग दुसरा.

"यांना डोळे नाहीत रे."

"हातभर अंतरावरून दिसत नाहीत, आजी. डोळ्यांतच निम्मा वेळ जातो. घाईचं काम असलं की ते सोडूनच देतात."

"हं. दुरून पाहिलं की माणूस असाच दिसतो."

ती रागावली नव्हती. शिपाई जागच्या जागी ठेवून खाली गेली. नातवाने त्या रात्री वहीत हिशेब मांडला. असईत वेलस्लीचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून १,५८४ जण. चाळिसाने भागले तर जवळजवळ ४० शिपाई, म्हणजे चार काड्या. मराठ्यांकडील सुमारे १,२०० जण रणभूमीवरच पडल्याचा त्या वेळचा अंदाज. म्हणजे आणखी तीन काड्या. त्या सत्तर शिपायांना त्याने डोळे काढले. त्यात पहाट झाली. कोणते सत्तर पडतील हे खेळाआधी कोणालाच ठाऊक नसते, हे त्याला कळत होते. सगळ्यांना काढायला वेळ नव्हता.

पुण्याला लढाई झाली. मेजावर नदी निळ्या कापडाची होती आणि या वेळी उतार सापडायला वेलस्लीला उशीर झाला. डोळ्यांचे काही उचलले गेले, बिनडोळ्यांचे बरेच. तिसरी अट त्याने पाळली. मित्र आधी हसले, संध्याकाळपर्यंत तेही 'उचलला' म्हणू लागले.

परतल्यावर पेटी माडीवर चढवताना आजीने जिन्याखालून विचारले. बाहेर गेलेला माल परत आला की त्या घरात हाच प्रश्न विचारला जातो.

"गेले तेवढे आले?"

"मोजून घेतले, आजी. तीनशे ब्याऐंशी."

"मग खेळ बरा," ती म्हणाली. "पुढच्या पावसाळ्यात बाकीच्यांचे डोळे काढ."