आमच्याजवळचे नखलिस्तान

मुलांनो, उर्दूच्या पुस्तकात 'नखलिस्तान' हा शब्द तुम्ही वाचला असेल. 'नख्ल' म्हणजे खजुराचे झाड. वाळवंटात जिथे खजुराची झाडे वाढतात, म्हणजेच जिथे पाणी आहे, ती जागा नखलिस्तान. मराठीत तिला 'मरुद्यान' म्हणतात. 'मरू' म्हणजे वाळवंट आणि 'उद्यान' म्हणजे बाग. गंमत अशी की, एका भाषेने झाडाचे नाव घेतले आणि दुसरीने वाळवंटाचे. ज्याच्यामुळे हे सारे आहे, त्या पाण्याचे नाव दोघींनीही घेतले नाही.

मी हा शब्द शाळेत पाठ केला होता. त्याचा खरा अर्थ मात्र मला माझ्या मामूंनी सांगितला. मामू वीस वर्षे सौदी अरबस्तानात हुफूफ या शहरात गाडी चालवत होते. हे शहर अल-अहसा नावाच्या मोठ्या मरुद्यानात वसलेले आहे. २०१८ साली युनेस्कोने अल-अहसाला जागतिक वारशाचा मान दिला. तिथे खजुराची सुमारे पंचवीस लाख झाडे आहेत. मामू सुट्टीवर चौसाळ्याला आले, की आम्ही भाचरे त्यांच्याभोवती गोळा होत असू. ते सांगत, "तिथली शेती तीनमजली आहे. सर्वांत वर खजूर. त्याच्या सावलीत लिंबू आणि डाळिंब. त्यांच्याही सावलीत जमिनीवर भाजी आणि घोडाघास. ऊन वरच अडते, म्हणून खालचा ओलावा टिकतो."

दोन वर्षांपूर्वी मामू कायमचे परत आले. एके दिवशी चहा पिता पिता त्यांनी मला विचारले, "बेटी, तू बी.एड.ला बीडला होतीस. खजाना बावडी पाहिलीस का?"

मी गप्प बसले. चौसाळ्याहून बीडला जाताना ती बावडी बीडच्या अलीकडे सहा किलोमीटरवर लागते. मी दोन वर्षे एस.टी.ने त्या रस्त्याने ये-जा केली. पण एकदाही उतरले नव्हते. खिडकीची जागा मिळाली तर झोपायचे आणि नाही मिळाली तर उभ्याने नोट्स वाचायच्या, एवढेच मला माहीत. तुम्हीही आपल्या गावाजवळच्या अशा किती जागा चालत्या गाडीतूनच पाहिल्या असतील, आठवून बघा.

"मग उद्या चल," मामू म्हणाले.

एप्रिल महिना होता. सकाळी सातलाच ऊन चटके देत होते. चौसाळा सोडले, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बालाघाटचे उघडे माळ दिसू लागतात. काळा खडक, त्यावर वीतभर मुरूम आणि मुरमावर वाळलेले कुसळी गवत. मधूनच तरवडाची पिवळी फुले आणि पाने झडलेली सीताफळीची झुडपे. पावसाळ्यानंतर याच झुडपांना इतकी गोड फळे लागतात, की बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एप्रिलमध्ये मात्र ती काटक्यांच्या मोळ्यांसारखी दिसतात. समोरून ट्रॅक्टर येत होते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पाच-सहा महिन्यांनी घरी परतत होती. भांडी, सरपण, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली मुले. त्यांतली काही माझ्या वर्गातलीही असतील, असे मला वाटून गेले. पुस्तकातला धडा पुढे गेलेला असतो आणि ही मुले मागच्याच पानावर परत येतात.

तुम्ही विचाराल, बीड जिल्हा म्हणजे काही वाळवंट नव्हे. बरोबर आहे. वाळवंटात वर्षाला अडीचशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्याकडे सरासरी सहाशे ते सातशे मिलिमीटर पडतो. पण तो चार-दोन जोरदार सरींत येतो आणि उतारावरून धावत निघून जातो. आपला खडक लाव्हारसाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. तो वाळूसारखा पाणी पीत नाही. वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा, एवढीच काय ती पाणी साठण्याची जागा. ती रिकामी झाली, की फेब्रुवारीपासूनच टँकरची वाट पाहावी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्या शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाऊस पडूनही ज्या जमिनीवर रेल्वेने पाणी येते, तिला काय म्हणावे हे तुम्हीच ठरवा.

मांजरसुंब्याचा घाट उतरून, पाली गाव मागे टाकून आम्ही बावडीपाशी उतरलो. बाहेरून पाहिले तर विशेष काही नाही. मला तर थोडी निराशाच वाटली. पण काठावर गेले आणि खालून थंड हवेचा झोत तोंडावर आला. खाली दगडात बांधलेली भलीमोठी गोल विहीर आणि तिच्या तळाशी हिरवट, शांत पाणी. भिंतीच्या खोबणींतून पारवे भुर्रकन उडाले, एक चक्कर मारून पुन्हा आपापल्या जागी बसले. काठावरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत होती. सुगरण बहुधा पाण्यावर झुकलेली फांदी निवडते, म्हणजे साप आणि मांजर तिथवर पोचत नाही. एक खंड्या निळ्या रेघेसारखा खाली गेला आणि चोचीत काहीतरी धरून वर आला. आजूबाजूच्या चार-पाच मैलांत जे पक्षी मला दिसले नव्हते, ते सगळे जणू इथे मुक्कामाला होते.

पायऱ्या उतरून आम्ही खाली गेलो. मामूंनी पाण्यात हात घातला आणि ते हसले. "हीच ती. अशाच नहरी अरबस्तानात आणि इराणात आहेत," ते म्हणाले.

ही बावडी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. तेव्हा अहमदनगरला मुर्तजा निजामशहा राज्य करत होता. बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली आणि राजा भास्कर या स्थापत्यकाराने तिची रचना केली, असे सांगतात. तिच्या पोटात तीन भुयारी नहरी आहेत. दोन नहरी पाणी आत आणतात. तिसरी नहर ते पाणी बीडच्या बाजूच्या शेतांकडे घेऊन जाते. इथे मोट लागत नाही, रहाट लागत नाही आणि विजेचा पंपही लागत नाही. मग पाणी चालते कसे?

नीट लक्ष द्या. डोंगराच्या पायथ्याशी मुरमात मुरलेले पाणी उंचावर असते आणि शेत त्याहून सखल असते. या दोघांच्या मध्ये जमिनीखालून अगदी थोडा उतार देत बोगदा खणायचा. उतार जास्त झाला तर पाणी वेगाने वाहून बोगदा कापते आणि कमी झाला तर गाळ साचतो. उतार बरोबर साधला, की पाणी आपल्याच वजनाने चालत राहते. वरून माती असल्यामुळे ऊन त्याला पिऊ शकत नाही. इराणात अशा नहरीला 'कनात' म्हणतात आणि ओमानमध्ये 'फलज'. आपल्या मराठवाड्यातच मलिक अंबरने सतराव्या शतकात अशी नहर बांधून खडकी शहराला पाणी दिले. ते शहर पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे. म्हणजे वाळवंटात मरुद्याने वसवणारी विद्या इथे आली, इथल्या गवंड्यांनी ती आपल्या काळ्या दगडात उतरवली आणि तिला नाव मिळाले 'खजाना'. सोन्याचा एक कण नसताना!

पुढे आम्ही शेतांच्या बाजूला गेलो. रस्त्याच्या एका अंगाला करडा माळ आणि दुसऱ्या अंगाला हिरवा तुकडा, जणू कोणी रेघ ओढून वाटणी केली होती. घास, मेथी, कांदा. ओढ्याच्या कडेला सेंधीची झाडे उभी होती. मराठीत तिला शिंदी म्हणतात. तुम्ही तिच्याखालून कितीदा गेला असाल. पण ती खजुराची सख्खी बहीण आहे, हे ठाऊक आहे का? मामू तिच्या बुंध्याला हात लावून म्हणाले, "बघ, नख्लसुद्धा हजर आहे."

बांधावर एक वयस्क शेतकरी दारे धरत होते. त्यांनी आम्हाला कडुलिंबाखाली बसवले आणि तांब्याभर पाणी दिले. मामूंनी त्यांना ओमानची गोष्ट सांगितली. तिथे फलजचे पाणी पाळीने वाटतात. दिवसा सावली मोजून आणि रात्री तारे पाहून कोणाची पाळी किती वेळ ते ठरवतात. बाबांना ते फार आवडले. मी विचारले, "ही बावडी कधीच आटत नाही म्हणतात, खरे का?"

ते हसले. "म्हणायला काय जातंय बाई! पाऊसच नाही झाला तर बावडी कुठून देईल? आणि आता सगळीकडं बोअर झाले. हे पाणी वरच्या थरातलं. खाली भोकं पाडली तर वरचं खाली जायचंच."

मला वाटते, "कधीच आटत नाही" या म्हणण्यात अभिमान जास्त आणि हिशेब कमी आहे. मामूंनीही मान डोलावली. अल-अहसाचे झरे एके काळी आपोआप उसळत. खोल पंप बसले आणि झरे थांबले. इराणातही खोल विहिरींमुळे कितीतरी कनाती कोरड्या पडल्या.

त्या तांब्यातले पाणी माझ्या घशात अडकले. आता जे लिहिते आहे, ते मी मामूंनाही तोवर सांगितले नव्हते.

चौसाळ्यात आमच्या शेताला लागून तात्यांचे शेत आहे. तात्या आमचे नातेवाईक नाहीत, पण आमच्या घरातले कोणतेही लग्न त्यांच्याशिवाय ठरलेले नाही. त्यांच्या शेतात आजोबांच्या काळची विहीर होती. आमच्या घरात पिण्याचे पाणी तिथूनच येई. लहानपणी मी रोज सकाळी शाळेआधी दोन कळशा आणत असे. तात्यांची आई मला पाहून म्हणायची, "पोरी, सावकाश ओढ, पाणी कुठं पळून चाललंय?"

२०१३ च्या उन्हाळ्यात दुष्काळ होता. अब्बांची मोसंबीची साठ झाडे वाळू लागली. मी तेव्हा नुकतीच कमावती झाले होते. मीच म्हटले, "अब्बा, बोअर घेऊ. पैसे मी देते." यंत्र आले, रात्रभर घरघरले आणि चारशे फुटांवर पाणी लागले. आम्ही पेढे वाटले. पहिला पेढा तात्यांना दिला.

त्या वर्षी पावसाळा चांगला झाला. आमचे बोअर भरून वाहिले, पण तात्यांच्या विहिरीचे पाणी पूर्वीच्या खुणेपर्यंत चढले नाही. पुढच्या मार्चला तिचा तळ दिसला. दोष एकट्या आमच्या बोअरचा होता, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्या शिवारात तोवर आणखीही बोअर झाले होते. पण आमचे बोअर सर्वांत जवळचे होते. तात्या एक शब्दही बोलले नाहीत. त्यांची सून आमच्या नळावर हंडा घेऊन येऊ लागली आणि मी तिला पाहिले, की आत निघून जात असे. मी वर्गात भूगोल शिकवते. खडकात भेगा असतात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात, हे फळ्यावर चित्र काढून मीच मुलांना समजावते.

परतीच्या गाडीत मी हे सगळे मामूंना सांगितले. त्यांनी दिलासा दिला नाही आणि रागावलेही नाहीत. चौसाळा येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. उतरताना एवढेच म्हणाले, "तात्यांच्या विहिरीच्या वरच्या अंगाला आपला उतार आहे ना? पावसाचे पाणी तिकडे वळवता येईल."

त्याच संध्याकाळी मामू अब्बांना घेऊन तात्यांकडे गेले. मीही गेले. मामूंनी अंगणात काडीने नकाशा काढला. आमच्या उतारावर आडवा चर, चराच्या शेवटी गाळ अडवायला दगड-वाळूचा खड्डा आणि तिथून नळीने पाणी विहिरीत. विहीर पुनर्भरणाची ही साधी रीत आहे आणि पुष्कळ गावांनी ती केली आहे. तात्यांनी सगळे ऐकून घेतले. मग ते अब्बांकडे वळून म्हणाले, "चर खणू की भाई. मी पण कुदळ घेतो. पण आधी तुमच्या बोअरची मोटर काढा."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते हे बोलले होते. अब्बा काहीच बोलले नाहीत. मोटर काढली तर मोसंबी जाते. त्या झाडांवर धाकट्या भावाचे शिक्षण झाले आहे.

दुसऱ्या दिवशी अब्बा पहाटेच कुदळ घेऊन उतारावर गेले आणि चर खणू लागले. थोड्या वेळाने पलीकडून तात्याही आले. दोघे दोन टोकांकडून खणत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा अर्धा चर झाला होता. त्यातून गेलेले पाणी विहिरीत गुडघाभर साठले आणि दिवाळीपर्यंत टिकले. यंदा उरलेला चर खणायचा आहे. मोटर अजून बोअरमध्येच आहे. मात्र अब्बा आता ती एक दिवसाआड चालवतात आणि त्याबद्दल कोणी विचारलेले त्यांना आवडत नाही.