पाव किलोचा हिशेब

दुकानात लॅपटॉप बघायला गेलेला माणूस आधी तो उचलून बघतो. प्रोसेसर कुठला, रॅम किती, स्क्रीन कशी, हे प्रश्न नंतर येतात. बंद लॅपटॉप कोपऱ्याला धरून एका हाताने उचलायचा आणि मनगटाला काय वाटतं ते बघायचं. रोज खांद्यावर वागवायच्या वस्तूबाबत ही परीक्षा रास्तच आहे. अडचण एवढीच, की तिच्यात वजन कळतं, पण ते कशाच्या बदल्यात कमी झालं आहे हे कळत नाही.

लेनोवोचे २०२४ सालचे दोन थिंकपॅड शेजारी ठेवले, की ही अडचण नीट दिसते. एक आहे एक्स१ कार्बनची बारावी पिढी, वजन १.०९ किलोपासून पुढे. दुसरा टी१४ची पाचवी पिढी, वजन १.३ ते १.४ किलोच्या घरात. दोन्ही चौदा इंची, दोन्ही काळे, दोन्हींच्या कीबोर्डच्या मधोमध तो ओळखीचा लाल बिंदू. दोन्हींत इंटेलचे कोअर अल्ट्रा प्रोसेसर मिळतात, आणि अमेरिकी लष्कराच्या ८१०एच मानकातल्या आपटण्या-धडपडण्याच्या चाचण्यांतून दोन्ही गेलेले. लांबून बघणाऱ्याला ते सख्खी भावंडं वाटावेत. फरक पाव किलोच्या आसपासचा. किमतीत मात्र एक्स१ बराच वरचा.

पुण्यातली एक सीए याच दोघांपुढे अडली होती. काम फिरतीचं. कधी चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत लेखापरीक्षण, कधी सकाळची डेक्कन क्वीन पकडून मुंबई. जुना लॅपटॉप दोन किलोंच्या वरचा आणि खांद्याची तक्रार जुनीच. अशा वेळी सगळे जण जो सल्ला देतात तोच तिलाही मिळाला: फिरती आहे ना, मग डोळे मिटून हलका घे. सल्ला चुकीचा नव्हता. पण पैसे मोजणारी व्यक्ती हिशेबाची होती, आणि पाव किलो कमी होतो तो नेमका कुठून, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

हलकेपणाची ही ओढ तशी अलीकडची. लेनोवोच्या आधी थिंकपॅड बनवणाऱ्या आयबीएमने पहिला थिंकपॅड, ७००सी, ऑक्टोबर १९९२ मध्ये आणला तेव्हा त्याचं कौतुक झालं ते रंगीत पडद्याचं आणि काळ्या, साध्या, चौकोनी घडणीचं. ती घडण रिचर्ड सॅपर या जर्मन अभिकल्पकाची. जपानी जेवणाच्या डब्यावरून त्याला ती सुचली होती. हलकेपणाला खरं वलय मिळालं ते जानेवारी २००८ मध्ये, स्टीव्ह जॉब्जने सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यासपीठावर कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला तेव्हा. वजन १.३६ किलो. सीडी ड्राइव्ह नाही, लॅनचं तोंड नाही, यूएसबीचं तोंड एकच, बॅटरी आत बंद, आणि २ जीबी मेमरी थेट मदरबोर्डवर डाखलेली. त्या वेळी यातल्या प्रत्येक ‘नाही’वर टीका झाली. पण चार वर्षांनी, २०१२ मध्ये, पहिला एक्स१ कार्बन आला तो नेमका तेवढ्याच, म्हणजे १.३६ किलो वजनाचा, आणि मेमरी त्याचीही डाखलेलीच होती. कचेरीच्या कामासाठी बांधलेल्या यंत्रांनीही तीच वाट धरली होती.

आता या दोन थिंकपॅडमधल्या पाव किलोचा माग काढू. काही ग्रॅम साहित्यातून गेले. एक्स१च्या झाकणात कार्बन तंतू आहेत आणि सांगाड्यात मॅग्नेशियम. टी१४च्या तळाला काचतंतूंनी बळकट केलेलं प्लास्टिक. ही बचत निखळ आहे. तिच्यासाठी जास्त पैसे पडतात, पण वापरणाऱ्याचं काही हिरावून घेतलं जात नाही.

काही ग्रॅम लॅनच्या तोंडाबरोबर गेले. टी१४ला ते आहे, एक्स१ला नाही. वायफायच्या जमान्यात हे जुनाट वाटेल. पण बाहेरून आलेल्या लेखापरीक्षकाला कारखान्याच्या वायफायवर सहसा घेत नाहीत; लेखा विभागातला कोणीतरी टेबलाखालून निळी केबल ओढून हातात देतो आणि ‘यावर चालेल’ म्हणतो. एक्स१ घेणाऱ्याला त्यासाठी वेगळा डोंगल बाळगावा लागतो, आणि तो न विसरणं ही रोजची जबाबदारी होऊन बसते. एचडीएमआय आणि जुन्या आकाराची यूएसबीची तोंडं मात्र दोघांनाही आहेत. डिजिटल सहीचं टोकन लावून दिवसभर विवरणपत्रं भरणाऱ्यांसाठी ही मोठी सोय.

उरलेल्या ग्रॅमांचा मामला गंभीर आहे. तो मेमरीचा.

टी१४च्या तळाचे स्क्रू सैल केले तरी निघून पडत नाहीत; ते झाकणालाच अडकून राहतात, म्हणजे हरवत नाहीत. कडेने प्लास्टिकची पातळ पट्टी फिरवली की झाकण सुटतं. आत मेमरीच्या दोन पट्ट्यांसाठी दोन स्लॉट. दोन्ही बाजूंच्या चिमट्या बोटाने बाहेर दाबल्या, की पट्टी स्वतःच तिरकी उभी राहते. ती काढायची, नवी त्याच तिरप्या कोनात सरकवायची आणि टक् आवाज येईपर्यंत खाली दाबायची. ज्याने आयुष्यात कधी लॅपटॉप उघडला नाही, त्यालाही हे जमतं. एक्स१मध्ये असा स्लॉट नाही. तिथे मेमरीच्या काळ्या चकत्या प्रोसेसरशेजारी बोर्डावरच बसवलेल्या असतात, आणि प्रत्येकीच्या पोटाखाली कथलाच्या बारीक गोळ्यांच्या रांगा. एसएसडी आणि बॅटरी एक्स१चीही बदलता येते, हे सांगायलाच हवं. मेमरी मात्र विकत घेतली तेवढीच, शेवटपर्यंत.

यामागे निव्वळ कंपनीची लबाडी आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. एक्स१मध्ये वापरलेली एलपीडीडीआर जातीची मेमरी मोबाइलच्या घराण्यातली. तिला वीज कमी लागते, आणि लॅपटॉप झोपेत असताना बॅटरीची बचत होते. ती वेगाने चालवायची तर प्रोसेसरपासूनचं अंतर अगदी थोडं हवं. स्लॉटच्या जोडांमधून जाताना इतक्या वेगाचे संकेत बिघडतात. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर जाऊन बसली: १६ जीबी किंवा ३२ जीबी, तिसरा पर्याय नाही. म्हणजे हलकेपणा, दीर्घ बॅटरी आणि वेग या तिन्ही गोष्टींनी मिळून स्लॉट बाहेर काढला. गुण खरे आहेत आणि किंमतही खरी आहे.

ही किंमत कळते ती तीन-चार वर्षांनी, आणि कळण्याची जागा म्हणजे दुरुस्तीचं दुकान. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनातून उतरून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला लागलं, की अशी दुकानं दोन्ही बाजूंना लागतात. स्लॉटमधली पट्टी बिघडली, तर तिथला कारागीर दुसरी लावून दहा मिनिटांत लॅपटॉप परत देतो. डाखलेली चकती बिघडली, तर गरम हवेची बंदूक, कथलाच्या गोळ्या नव्याने बसवणारं रिबॉलिंगचं यंत्र, सूक्ष्मदर्शक अशी सगळी सामग्री लागते. काही कारागीर ते कसबाने करतात, पण यशाची हमी देत नाहीत. अधिकृत केंद्रात उत्तर एकच: पूर्ण मदरबोर्ड बदला. वॉरंटी संपलेली असेल, तर त्या बोर्डाचा आकडा ऐकून ग्राहक नवाच लॅपटॉप बघायला लागतो. एका चकतीपायी धडका पडदा, धडका कीबोर्ड आणि धडका प्रोसेसर भंगारात जातो. लॅपटॉपच्या सबंध आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच झालेला असतो. त्यामुळे वेळेआधी फेकलेल्या यंत्राचं नुकसान एकट्या मालकाचं नसतं.

उलट उदाहरण थिंकपॅडच्याच घरात आहे. २०१८ चा टी४८०. त्याला मेमरीचे दोन स्लॉट होते, आणि बॅटऱ्याही दोन: एक आत, एक बाहेर. बाहेरची बॅटरी लॅपटॉप चालू असतानाच काढून दुसरी लावता येई, कारण तेवढा वेळ आतली बॅटरी भार घेई. इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेले टी४८० विंडोज ११ साठीही पात्र ठरले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ते बाद झाले नाहीत. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात आजही ते नावाने मागितले जातात. कंपन्यांनी विकून टाकलेले हे लॅपटॉप रॅम वाढवून, नवी बॅटरी घालून विद्यार्थ्यांच्या आणि छोट्या व्यावसायिकांच्या हाती येतात, आणि चालतात.

त्यानंतरच्या टी मालिकेनेही एकेक गोष्ट सोडली. २०१९ मध्ये टी४९० आला तेव्हा बाहेरची बॅटरी गेली आणि मेमरीचा एक भाग डाखलेला झाला. म्हणून २०२४ ची घटना महत्त्वाची. दुरुस्तीच्या हक्कासाठी झटणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकी संस्थेच्या सल्ल्याने लेनोवोने टी१४ची पाचवी पिढी घडवली. दोन्ही स्लॉट परत आले, बॅटरी वापरणाऱ्यालाच सहज बदलता येऊ लागली, आणि आयफिक्सिटने दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी नऊ गुण दिले. गेलेली गोष्ट परत आणता येते, याचा हा पुरावा आहे.

आणि ती हलकेपणासह परत आणण्याचे प्रयत्नही चालू आहेत. डेलमधले अभियंते टॉम श्नेल यांनी सपाट, स्क्रूने बसणाऱ्या मेमरीची कल्पना मांडली. २०२२ मध्ये ती डेलच्या प्रिसिजन लॅपटॉपमध्ये आली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने तिचं सर्वांसाठी खुलं मानक जाहीर केलं. त्याच मानकातली एलपीकॅम२ जातीची मेमरी २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१मध्ये बसली. मोबाइलच्या घराण्यातली कमी विजेची मेमरी, पण काढता-घालता येणारी. ती अजून हलक्या लॅपटॉपांत सर्रास मिळत नाही. मिळायला हवी.

तोवर निवड करायचीच, तर तिच्यात भविष्याचा अंदाज आला. एक्स१ घेणाऱ्याला चार-पाच वर्षांनी किती मेमरी लागेल हे आजच ठरवून तेवढे पैसे आजच मोजावे लागतात. टी१४ घेणाऱ्याला निर्णय पुढे ढकलता येतो. पण ढकलण्यालाही खर्च असतो. एकच पट्टी लावली तर मेमरीची एकच वाट वापरात राहते आणि चित्रांची, आलेखांची कामं मंदावतात. शिवाय मेमरी पुढे स्वस्तच होईल ही समजूत २०२५ च्या अखेरीस खोटी ठरली: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा पुरवठा ओढून घेतला आणि भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याचा आपला व्यवसायच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा स्लॉट आहे म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही.

खांद्याचा प्रश्न त्या सीएने वेगळ्या वाटेने सोडवला. एका रविवारी तिने बॅगेतली एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. डबा, पाण्याची बाटली, अशिलांच्या फायली, आणि शेवटी चार्जर. जुन्या धाटणीचा तो विटेसारखा चार्जर जाड केबलसह पाव किलोच्या पुढे गेला. आता हे दोन्ही लॅपटॉप यूएसबी-सीवर चालतात. त्यामुळे गॅलियम नायट्राइडचा तळहाताएवढा ६५ वॅटचा चार्जर दोघांनाही पुरतो, आणि तोच फोनलाही चालतो. दोन लॅपटॉपांमधल्या वजनाच्या तफावतीतला मोठा भाग तिने लॅपटॉप न बदलता, चार्जर बदलून भरून काढला.

तिने टी१४ घेतला, आणि दोन्ही स्लॉटांत मिळून १६ जीबी घातली. गरज पडली तर पट्ट्या बदलता येतात. तिच्याच कार्यालयातल्या, महिन्यातून अनेकदा दिल्लीचं विमान पकडणाऱ्या ज्येष्ठ भागीदारांनी एक्स१ घेतला. तोही विचार करूनच: मेमरी सुरुवातीलाच ३२ जीबी, आणि जागेवर येऊन दुरुस्तीची वाढीव वॉरंटी सोबत. पाठीच्या मणक्याची दुखणी असलेल्या माणसासाठी पाव किलो ही चैन नसते. दोन्ही बिलं संस्थेच्या नावाने झाली, वस्तू आणि सेवा कराचे १८ टक्के वळते करून घेतले, आणि दोन्ही यंत्रांवर प्राप्तिकराच्या हिशेबात वर्षाला ४० टक्के घसारा धरला. वहीखात्यात दोन्ही यंत्रं सारख्याच वेगाने झिजतात. प्रत्यक्षात तसं होणार नाही.

बिलावर काय नव्हतं, तेही तिने पाहिलं. सुटे भाग किती वर्षं मिळतील, बॅटरी कुणी बदललेली चालेल, मेमरी डाखलेली आहे की सुटी, यातलं काहीच नाही. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण किमतीशेजारी दाखवावे लागतात. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः बदलता याव्यात असा नियम लागू होतो आहे. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस पोर्टलही सुरू केलं. पण दुकानातल्या लॅपटॉपशेजारच्या पुठ्ठ्यावर वजन ठळक अक्षरांत दिसतं, मेमरी डाखलेली असल्याचं नाही. एकदम पन्नास-शंभर लॅपटॉप घेणाऱ्या बँका, विद्यापीठं आणि सरकारी कचेऱ्या निविदेच्या अटींत एवढ्या तीन ओळी घालू शकतात: मेमरी बदलता यावी, बॅटरी बदलता यावी, सुटे भाग पाच वर्षं मिळावेत. एकट्या ग्राहकाच्या विनंतीपेक्षा त्या अटीचं वजन पुरवठादाराला पुष्कळ जास्त जाणवेल.