घरी परतलेल्या माणसाचे पुढे काय?

वाचकहो, मी शेतकी खात्यातला माणूस. बियाणे-खते सोडून हा कुठे शिरला, असे तुम्हाला वाटेल. पण माझी निम्मी नोकरी एस.टी. स्टँडवर गेली. तिथे जटा वाढलेला, अंगावर चार शर्ट चढवलेला, आपल्याशीच बोलणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पोरे खडे मारतात, हॉटेलवाला उरलेली भजी देतो, आणि गाडी लागली की आपण चढतो. तोही कुठल्या तरी घरातूनच आलेला असतो.

मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना असाच एक तरुण करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्याला त्यांनी आपल्या दवाखान्यात नेले. औषध लागू पडल्यावर कळले, हा तर आंध्रातला पदवीधर! यातूनच 1988 साली 'श्रद्धा' ही संस्था उभी राहिली. पुढे 2006 मध्ये कर्जतला तिचे केंद्र झाले. डॉ. वाटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक माणसांना रस्त्यावरून उचलून उपचार दिले गेले होते.

तिथली रीत साधी आहे. आधी अंघोळ, केस कापणे, पोटभर जेवण, मग औषध. यातल्या पुष्कळांना स्किझोफ्रेनिया असतो. नसलेले आवाज ऐकू येतात, घरचेच जिवावर उठले आहेत असे वाटते, आणि माणूस घर सोडतो. औषधाने आवाज थांबले की त्याला नाव आठवते, गाव आठवते. मग कार्यकर्ते त्याला रेल्वेने थेट दारापर्यंत पोहोचवतात. मुक्काम थोडाच असतो, आणि तो थोडाच असावा. खाट रिकामी झाली तर पुढचा उचलता येतो.

खरे काम त्यानंतर आपल्याकडे येते, आणि तिथेच आपण कमी पडतो. माणूस बरा दिसला की गोळ्या बंद होतात. आवाज परत येतात, माणूस पुन्हा निघून जातो. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थांबवू नका, आणि त्या देण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा. त्याला झेपेल तेवढे काम द्या, पण जागरण, दारू टाळा. 'लग्न लावले की सुधारेल' हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. दुसऱ्याच्या लेकीचा संसार हे काही औषध नव्हे. देवऋषाकडे जाऊ नका म्हटले तरी तुम्ही जाल, हे मला ठाऊक आहे. निदान गोळ्या बरोबर न्या.

उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात चौकशी करा. 14416 या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट सल्ला मिळतो, मराठीतही.

स्टँडवरच्या माणसासाठी 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे. स्वतःला सांभाळू न शकणारा असा मनोरुग्ण भटकताना आढळला तर त्याला संरक्षण देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. चोवीस तासांत त्याला सरकारी दवाखान्यात न्यावे लागते, कोठडीत ठेवता येत नाही. ठाण्यात कळवताना एवढे ठामपणे सांगा.

आणि माझ्या खात्यातली एक गोष्ट. असा माणूस घरी असो वा नसो, फवारणीचे औषध माळ्यावर किंवा पलंगाखाली ठेवू नका. पेटीत घालून कुलूप लावा आणि किल्ली कंबरेला ठेवा.