शेजाऱ्याच्या फोनला आपला चार्ज

पूर्वी शेजारी काही मागायला आले तर ते साखर, शिडी किंवा पाटा-वरवंटा मागत. आता दारावर थाप पडते आणि विचारणा होते, "थोडा चार्ज मिळेल का?"

आमच्या वरोऱ्याला विजेची काय कमतरता, असे बाहेरच्यांना वाटते. तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत, ६०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे आणि चंद्रपूरचे केंद्र तर २९२० मेगावॅटचे. पण जूनच्या पहिल्या वादळात तारेवर झाड पडले की आमच्या मोहल्ल्यातही सकाळपर्यंत अंधारच असतो.

बटणांच्या फोनच्या काळात अशा वेळी मागचे झाकण उघडून बॅटरीच काढून देता येत असे. दोन्ही फोन एकाच जातीचे असले की काम झाले. आता बॅटरी आतच बंद असते, म्हणून फोनच फोनला चार्ज देतो. २०१८ मध्ये हुवावेच्या मेट २० प्रो या फोनने ही सोय बिनतारी आणली आणि २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० मध्येही ती आली. दोन्ही फोन पाठीला पाठ लावून ठेवायचे. एकातल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यातून दुसऱ्याच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. ही सोय मुख्यतः महागड्या फोनमध्ये असते. आपल्या घरांत उपयोगी पडते ती दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल. ती जोडली की चार्ज कोणी द्यायचा, हे बहुतेक फोनच्या पडद्यावर निवडता येते. जुन्या मायक्रो यूएसबीच्या फोनसाठी ओटीजीचा तुकडा लागतो. तो देणाऱ्या फोनला लावायचा.

अशाच एका वादळी रात्री शेजारच्या चाची आमच्याकडे आल्या. मुलगी बाळंतपणासाठी चंद्रपूरला दाखल होती आणि यांचा फोन दोन टक्क्यांवर आला होता. आमचा चाळीसवर होता. आमच्याही घरात अम्मींची तब्येत बरी नव्हती, रात्री डॉक्टरांना फोन करायची वेळ येऊ शकत होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि केबल काढली. चाचींचा फोन बंद करून जोडला, म्हणजे येणारा चार्ज त्यातच खर्च होणार नाही. वीस मिनिटांत सहा-सात टक्के चढले. चाचीच म्हणाल्या, "बस बेटा, तुम्हारा भी खतम हो जाएगा." पहाटे जावयाचा फोन आला तो त्याच सहा-सात टक्क्यांवर. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. अलहम्दुलिल्लाह!

वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "देणाऱ्याचे दहा टक्के गेले तर घेणाऱ्याला दहाच मिळतात का?" नाही मिळत. दोन्ही बॅटऱ्या सारख्या असल्या तरी वाटेत काही वीज उष्णता होऊन जाते आणि बिनतारी दिल्यास कितीतरी जास्त. म्हणून शक्यतो केबलनेच द्यावा, फोन उशीखाली ठेवू नयेत, फार तापले तर थांबावे. देणाऱ्यानेही आपल्या गरजेपुरते राखावे. सॅमसंगच्या फोनमध्ये तर बिनतारी देताना आपली बॅटरी ठरलेल्या टक्क्यांखाली गेली की देणे आपोआप थांबते.

पवित्र कुरआनात 'माऊन' नावाची एक छोटी सूरह आहे. या शब्दाचा अर्थ सांगताना तफसीरकारांनी भांडे, बादली, कुऱ्हाड अशा रोजच्या उसनवारीच्या वस्तूंची उदाहरणे दिली आहेत. अशा किरकोळ वस्तू नाकारणे तिथे मोठा दोष मानले आहे. त्या यादीत आज सहा-सात टक्के चार्जही बसतो, असे आम्हाला वाटते. आपल्यासाठी तो अर्ध्या तासाचा व्हिडिओ असतो, पण समोरच्यासाठी तो दवाखान्यातून येणारा एक फोन असू शकतो.

पावसाळ्याआधी मेणबत्त्या आणि काडेपेटीच्या खणात एक अशी केबल ठेवा. ती आपल्या फोनवर चालते का, हे लाईट असतानाच तपासून पाहा. आणि ती कशी जोडायची, हे घरातल्या मोठ्यांना आणि मुलांना, दोघांनाही दाखवून ठेवा.