भिलाई ते नागपूर: विमानाने खरंच लवकर पोहोचतो का?

रात्री दहाला नागपूरहून मामाचा फोन आला. आजोबांना दवाखान्यात भरती केलं होतं, सकाळी आठला ऑपरेशन. बाबांनी लगेच मोबाइल उघडला. "विमान बघतो. तासाभराचा तर प्रवास आहे!"

तसं त्यांचं काही चूक नव्हतं. रायपूर आणि नागपूर विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण २८० किलोमीटर आहे. थेट विमान असेल, तर ते एवढं अंतर जेमतेम तासाभरात कापतं. पण आईने वही घेतली आणि हिशेब घराच्या दारापासून मांडला.

भिलाईकरांना विमानासाठी रायपूरचं स्वामी विवेकानंद विमानतळ गाठावं लागतं. ते आमच्या पूर्वेला, साधारण ४५ किलोमीटरवर. नागपूर मात्र पश्चिमेला! म्हणजे आधी सव्वा तास उलट दिशेला जायचं, दीड तास विमानतळावर थांबायचं, एक तास उडायचं आणि मग सामान घेऊन शहरात पोहोचायला आणखी पाऊण तास. झाले साडेचार तास! थेट विमान नसलं आणि दुसऱ्या शहरातून फिरून जावं लागलं, तर दिवसच गेला.

आता रेल्वे बघा. दुर्ग ते नागपूर साधारण २६५ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली बिलासपूर-नागपूर वंदे भारत हे अंतर पावणेचार तासांच्या आसपास कापते. इतर गाड्यांना थोडा जास्त वेळ लागतो. शिवाय दुर्ग मुंबई-हावडा मुख्य मार्गावर आहे, त्यामुळे रात्रीही गाड्या मिळतात.

"सकाळच्या विमानाची वाट बघण्यापेक्षा आत्ताच निघू," आई म्हणाली.

मध्यरात्रीनंतरची गाडी मिळाली. बसायला जागा नव्हती, दाराजवळ बॅगेवर बसलो. डोंगरगड गेलं, दरेकसाचं जंगल गेलं, गोंदिया आलं आणि फलाटावर मराठी बोलणं कानावर पडलं. उजाडता उजाडता नागपूर!

साडेसहाला आम्ही आजोबांच्या खाटेजवळ होतो. आईचा हात धरून ते म्हणाले, "एवढ्या लवकर कशी आलीस गं?" मग निश्चिंत मनाने ऑपरेशनला गेले. आज ते ठणठणीत आहेत. पण त्या सकाळी आम्ही विमानतळाच्या रांगेत असतो, तर आईला ही रुखरुख कायम राहिली असती.

याचा अर्थ विमान नकोच, असं नाही. मुंबईला जायचं असेल तर रायपूरहून सरळ अंतर साधारण ९५० किलोमीटर, म्हणजे दोन तासांच्या आत-बाहेर. दुर्गहून रेल्वेने मात्र सतरा-अठरा तास जातात. तिथे विमानच बरं.

म्हणून तिकीट काढण्याआधी एवढं करा: घर ते विमानतळ, तिथली वाट पाहणं, उड्डाण आणि उतरल्यावरचा रस्ता, या चारही वेळा कागदावर लिहून बेरीज करा. थेट विमान आहे का, तेही त्याच दिवशी तपासा, कारण वेळापत्रकं बदलत असतात. मोबाइलवर दिसतो तो फक्त विमानाचा वेळ. आपला प्रवास दारापासून दारापर्यंत असतो!